वेग सारखा हवा

मनमाड,
16 नोव्हेंबर 2025

चि. भाचीबाईंस,


फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. दिवाळीहून पुण्याला परत गेलीस आणि आठ दिवसांत ताईला मेसेज केलास: नवं कंपाउंड धनुष्य हवं, जाहिरातीत वेग सेकंदाला 340 फूट, किंमत दोन लाखांच्या घरात. सोबत अमेरिकेतल्या कुणा शिकाऱ्याचा व्हिडिओही जोडलास. बाण सुटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हरणापाशी पोचतो. दाजी एफडी मोडायला निघालेत. ताई म्हणाली, तू कारखान्यात जन्म काढलास, तुला यंत्रातलं कळतं, तूच लिही. तुझ्या धनुष्याचे नटबोल्ट आजवर मीच आवळत आलोय, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधीच सांगतो, वेगाशी माझं वैर नाही. पण तुझा बाण आधीच पुरेशा वेगाने जातो. तो दर वेळी त्याच वेगाने जात नाही, हे तुझं खरं दुखणं आहे. त्यावर दोन लाखांचं औषध नाही. जे आहे ते जवळजवळ फुकट आहे, फक्त कंटाळवाणं आहे.

पहिली गोष्ट त्या 340 च्या आकड्याची. तो काढतात कसा, ते वाचलंस का? 70 पाउंड ताकदीचं धनुष्य, 30 इंचांची खेच आणि 350 ग्रेन वजनाचा हलका बाण. ही शिकाऱ्यांच्या संघटनेने रूढ केलेली मोजणीची पद्धत. तुझी खेच 27 इंच आणि ताकद 50 पाउंड. खेच एक इंच कमी झाली की साधारण दहा फूट वेग जातो, पाउंड कमी झाले की आणखी जातो. तुझ्या आत्ताच्या धनुष्याच्या खोक्यावर 330 छापलेलं होतं आणि तुझ्या हातून वेग मोजायच्या क्रोनोग्राफवर 260 येतात. मग 340 वालं तुझ्या हातात किती देईल? फार तर आठ-दहा फूट जास्त. शिवाय जागतिक स्पर्धेत कंपाउंडला 60 पाउंडांच्या वर परवानगीच नाही. म्हणजे ज्या ताकदीवर तो आकडा मिरवतात, ती ताकद घेऊन तू मैदानात उभीही राहू शकत नाहीस. खोक्यावरचा आकडा दुकानदाराचा, क्रोनोग्राफवरचा तुझा.

तरी वाद नको म्हणून धरून चालू की नव्या धनुष्याने वीस फूट जास्त मिळाले. तू 260 वरून 280 वर गेलीस. आता हिशेब कर. तुझं लक्ष्य 50 मीटरवर, दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचं. हवेचा अडथळा सोडून दिला तर 260 च्या वेगाने बाणाला तिथे पोचायला 0.63 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सरळ रेषेपासून सुमारे 195 सेंटीमीटर खाली येतो. 280 ने 0.59 सेकंद लागतात आणि तो 168 सेंटीमीटर खाली येतो. केवढा फरक, असं तू म्हणशील. पण या पडण्याची भरपाई साइटवर एकदा करून ठेवायची असते. 50 मीटरची खूण एकदा लागली की बाण दोन मीटर पडो की दीड, फळ्याला त्याचं देणंघेणं नाही. पंचांनी टेप लावून मोजलेलं अंतर आहे ते, रोज तेवढंच राहणार.

फळ्याला देणंघेणं आहे ते वेगातल्या चढउताराशी. तुझ्या 260 च्या वेगात एका फुटाचा फरक पडला की 50 मीटरवर बाण दीड सेंटीमीटर वर-खाली होतो. एक बाण 261 ने आणि दुसरा 258 ने गेला, तर दोघांत साडेचार सेंटीमीटरचं अंतर पडतं. पहिला बरोबर मधोमध बसला असेल, तर दुसरा नऊमध्ये जातो. 280 च्या वेगाला हाच फरक फुटामागे 1.2 सेंटीमीटर असतो. म्हणजे वेगाचा फायदा आहे, ते मी लपवत नाही. पण तो फायदा टिकतो कधी? तुझा चढउतार तेवढाच राहिला तर. धनुष्य तापट निघालं आणि दोन फुटांचा चढउतार चार फुटांवर गेला, तर आज जिथे तीन सेंटीमीटरची चूक होते, तिथे उद्या पावणेपाचची होईल. दोन लाख देऊन नऊ विकत घेतल्यासारखं होईल ते. आपल्या स्टेशनवरून पंचवटी एक्सप्रेसने रोज अपडाऊन करणाऱ्यांना विचार, त्यांना गाडी किती जोरात धावते याचं कौतुक नसतं, ती रोज त्याच वेळेला येते यावर त्यांची नोकरी चालते.

आता एक गंमत सांगतो. तुझे जुने बारा बाण इथेच राहिलेत. त्यांतला सात नंबरचा नेहमी खाली जातो, अशी तुझी तक्रार होती आणि सुटी होती तोवर तू त्याचा दोष स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, देत होतीस. परवा मी ती मोळी बाजारातल्या ओळखीच्या सराफाकडे नेली. त्याच्या काट्यावर एकेक बाण आडवा ठेवला. तो हसत होता, पण काटा खोटं बोलत नाही. अकरा बाण 22.68 ते 22.72 ग्रॅममध्ये बसले. सात नंबरचा 23.02 निघाला. उजेडात धरून पाहिलं तर मागच्या पिसाखाली गोंदाचा पिवळट ओघळ, नखाने खरवडला तर तुकडे निघाले. पीस सुटलं म्हणून तू पुन्हा चिकटवलंस आणि सढळ हाताने चिकटवलंस. तीन दशांश ग्रॅम म्हणजे जवळपास पाच ग्रेन. तेवढ्याने वेग पावणेदोन-दोन फुटांनी घटतो आणि बाण पावणेतीन सेंटीमीटर खाली येतो. शेपटीकडे वजन वाढल्याने बाणाचा तोल बिघडतो, ते वेगळंच. सांग बरं, यात धनुष्याचा काय दोष? आणि तुझ्या बोटांचा तरी काय? नव्या धनुष्याने तोच बाण मारला असतास, तरी तो खालीच गेला असता, फक्त जास्त जोरात.

वर-खाली होण्याची बात झाली. डावी-उजवीकडची गोष्ट याहून नाजूक आहे आणि तिथे वेग काहीच मदत करत नाही. दोरीतल्या पीपच्या भोकापासून पुढच्या स्कोपच्या भिंगापर्यंत साधारण 85 सेंटीमीटर अंतर असतं. 50 मीटरवर चार सेंटीमीटर चुकायला त्या 85 सेंटीमीटरांत किती फरक पुरतो, ठाऊक आहे? जेमतेम 0.7 मिलिमीटर. आमच्या कारखान्याच्या भाषेत पाव सुताहूनही कमी. पुलाच्या गर्डरला भोक पाडताना पाव सूत म्हणजे कुणी डोकं वर करून बघायचं नाही. तुझ्या खेळात तेवढ्यात दहाचा नऊ होतो. मुठीत धनुष्य जरा आवळून धरलंस, तळहाताचा दाब अंगठ्याच्या बाजूला सरकला, की पाव सूत कधीच निघून जातं. बाण दोरीवर असतो सेकंदाच्या एक-दोन शतांशांपुरता. तेवढा वेळ हाताने धनुष्याला काही सांगायचं नाही, एवढीच खरी विद्या.

वेगवान धनुष्याची मेख इथेच आहे. कुठलाही कारागीर वेग हवेतून आणत नाही, कुठून तरी काढूनच घेतो. एक तर कॅम, म्हणजे टोकांची चाकं, आक्रमक करतो: खेचताना ताकद एकदम चढते, शेवटी एकदम उतरते आणि पूर्ण खेचेवर धरून थांबायची जागा अरुंद होते. जरा ढील दिलीस की दोरी हात पुढे ओढून नेते. नाही तर मूठ आणि दोरी यांतलं अंतर, ज्याला तुम्ही ब्रेस हाइट म्हणता, ते सातावरून सहा इंचांवर आणतो. मग दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते, वेग वाढतो, पण तेवढा जास्त वेळ बाण तुझ्या हाताच्या थरथरीच्या ताब्यात राहतो. किंवा बाण हलका करतो. हलका बाण वाऱ्याला लवकर वाकतो आणि धनुष्यातली जी शक्ती बाण घेऊन जात नाही, ती आवाज आणि कंप होऊन धनुष्यातच राहते. पाउंडामागे पाच ग्रेनपेक्षा हलका बाण लावू नये असं म्हणतात, ते याचसाठी. त्याखाली गेलं की दोरी रिकामी सोडल्यासारखाच मार धनुष्याच्या पात्यांना बसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत.

उरला चौथा मार्ग, पाउंड वाढवण्याचा. तुझ्या मेसेजमध्ये 'पंचावन्नवर जाते' हे वाक्य दोनदा होतं. ते कुठून आलं, हे मला कळतं. मनमाडची मुलगी वजन उचलणाऱ्या पोरींच्या गावात वाढते. आपल्याच गावच्या आकांक्षा व्यवहारेने 2022 साली मेक्सिकोत युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत रौप्यपदक आणलं, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पोरीला वाटतं, पाच किलो वाढवले की पुढे गेलो. त्यांच्या खेळात ते खरंही आहे, कारण तिथे बारवरचं वजन हेच गुण. तुझ्या खेळात पाउंडांना गुण नाहीत. पात्रता फेरीत 72 बाण असतात. 50 पाउंडांनी 72 वेळा खेचणं म्हणजे साधारण 1630 किलो ओढणं. 55 वर गेलीस की त्यात 160 किलोंची भर पडते, तीही सरावाचे बाण न धरता. पहिल्या छत्तीस बाणांत काही कळणार नाही. साठाव्या बाणाला खांदा वर चढायला लागेल, मान आखडेल, रिलीजचं बटण दाबायची घाई होईल. आणि वेगातला तो चढउतार तिथेच सुरू होतो, कारण थकलेला हात खेच जिथे अडते त्या कॅमच्या भिंतीला कधी घट्ट टेकतो, कधी केसभर अलीकडे थांबतो. शिवाय पाउंड वाढले की आत्ताचे बाण त्या धनुष्याला मऊ पडतील, जास्त वाकतील. म्हणजे नवे बाण आले. दाजींची एफडी एकदा मोडून भागायची नाही.

आता तुझ्या व्हिडिओतल्या त्या शिकाऱ्याकडे वळू. त्याला वेग का लागतो, ते समजून घे. रानात कुणी टेप लावून ठेवलेली नसते. 50 मीटर समजून मारलं आणि हरीण 52 वर असलं, तर 260 च्या वेगाचा बाण सुमारे आठ सेंटीमीटर खाली बसतो, 280 चा सात. अंतर चुकलं तर वेग तुम्हाला एका सेंटीमीटरची माफी देतो. बस, एवढाच त्याचा मोठेपणा. ज्यात अंतर ओळखावं लागतं त्या थ्री-डी आणि फील्डच्या स्पर्धांतही तो तेवढाच कामाला येतो. दुसरं कारण सांगतात की हरणाने दचकायच्या आत बाण पोचावा. पण आवाज सेकंदाला 340 मीटर धावतो, बाण जेमतेम 85 ते 90. तीस मीटरवरच्या जनावराच्या कानात दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधीच पोचतो. वीस फूट वेग वाढवून त्यातले शतांशात मोजावे एवढेच वाचतात. म्हणून त्यांच्यातले जाणते लोकही शेवटी जड बाण आणि शांत धनुष्य यांवर येतात आणि जनावराच्या जवळ जायला शिकतात. आपल्या खानदेशातल्या भिल्लांना हे केव्हाचं ठाऊक होतं. बांबूचा तिरकामठा, दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची, त्याला वेग तो कितीसा असणार? त्यांची सगळी करामत वाऱ्याची दिशा धरून दबकत जवळ जाण्यात होती.

आणि आपल्याकडे हा विषय नुसता ज्ञानापुरताच ठेवायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथून ममदापूरला गेलीस तर माळावर काळविटांचे कळप अजून चरताना दिसतात, ते त्या कायद्याच्या जोरावर. तुझ्यासोबत शिकणाऱ्या कुणाला असले व्हिडिओ बघून रानात हात आजमावायची हुक्की आली, तर त्याचा कान धर. तुझा बाण कागदासाठी आहे.

कागदावर काय चालतं, हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही, साताऱ्यापर्यंत गेलं तरी पुरे. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंडची वैयक्तिक विश्वविजेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध तिने 150 पैकी 149 मिळवले. पंधरा बाणांत एकच नऊ. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा दहा मारले आणि 150-149 असा जिंकला. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचाही एकच बाण नऊला गेला होता आणि तेवढ्यानेच तो हरला. दोघांचे प्रशिक्षक एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. या सामन्यांचे आकडे तू माझ्याहून चांगले जाणतेस. त्यांत बाणाच्या वेगाचा रकाना कुठे पाहिलास का? गुणपत्रिकेत तो नसतोच. त्या पातळीवर सगळ्यांची धनुष्यं चांगलीच असतात आणि पाउंडांची मर्यादाही सगळ्यांना तीच. निकाल लागतो तो पंधराव्या बाणालाही पहिल्यासारखंच वागता येतं का, यावर. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येणार म्हणून तुम्ही सगळे हवेत आहात, ते ठीक आहे. पण सांघिक सामन्यात तर तुझ्या एका हलगर्जी बाणाचा भुर्दंड जोडीदारालाही पडतो.

आता काय करायचं, ते सांगतो. क्रम मोडू नकोस.

पहिल्यांदा सगळे बाण तोल. तुमच्या अकादमीत ग्रेनचा काटा असेलच, नसेल तर सराफाकडे जायला लाजू नकोस. एका ग्रेनच्या आत बसतील तेवढेच स्पर्धेसाठी ठेव, बाकीचे सरावाला. प्रत्येकावर नंबर घाल आणि कुठला नंबर कुठे बसतो, ते वहीत लिही. महिनाभरात तुला कळेल की वाईट दिवस पुष्कळदा एखाद्या वाईट बाणाचा असतो.

मग दोरी आणि केबल बघ. उन्हाने, वापराने त्या ताणतात, दोन्ही कॅम एका वेळी फिरेनासे होतात आणि वेग आपोआप हलायला लागतो. कॅमवरच्या खुणा केबलशी जुळतात का, हे दर आठवड्याला तपास. पाच मिनिटांचं काम आहे. खेच मापात आहे ना, हेही तुझ्या प्रशिक्षक सरांकडून एकदा पक्कं करून घे. अर्धा इंच वेगासाठी वाढवून घेतलेली खेच खांद्याला आयुष्यभर पुरते.

त्यानंतर क्रोनोग्राफसमोर उभी राहा. दहा बाण मार आणि सगळ्यांत मोठा आकडा कुठला, हे बघूच नकोस. मोठ्यातून लहान वजा कर. ती वजाबाकी तुझी खरी परीक्षा. हे सकाळी ताज्या हाताने एकदा कर आणि सत्तर बाण मारून झाल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वजाबाक्यांत जेवढा फरक, तेवढं काम बाकी आहे असं समज.

आणि एक, हे सगळं सरांच्या कानावर घालून कर. नव्या धनुष्याबद्दल त्यांचं मत काय, हे तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. ते मला जरा खटकलं.

मी उगाच आडवा येणारा मामा नाही, म्हणून सौदा करतो. संक्रांतीला येशील तेव्हा वही घेऊन ये. सत्तर बाणांनंतरच्या दहांत वजाबाकी तीन फुटांच्या आत असेल, तर आत्ताच्याच धनुष्यावर दोन पाउंड मी स्वतः चढवून देईन. ते दोन पाउंड पचवून वजाबाकी तेवढीच राहिली आणि सरही हो म्हणाले, तर नव्या धनुष्याचे निम्मे पैसे माझे. तोपर्यंत दाजींना एफडीला हात लावू देत नाही, बँकेचे कागद मी ताईकडे ठेवायला सांगितलेत. तीन फुटांच्या बाहेर असेल, तर वाद न घालता पुन्हा बाण तोलायला बसायचं.

सात नंबरचा बाण नीट खरवडून, पीस नव्याने बसवून, तोलून पाठवतोय. आजी विचारते, थालीपिठाची भाजणी पोचली का. तिला आठवणीने फोन कर, आणि तो उचलल्यावर निदान तिला तरी बोलू दे.

तुझा,
मामा